शंभरच्या वेगाला सतरा घोडे: जुनी मोठी गाडी हायवेला किती पेट्रोल पिते आणि का

नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पंपावर मी नेहमी पेट्रोल भरते. तिथला मुलगा नोझल टाकीत घालता घालता दर वेळी विचारतो, "ताई, ॲव्हरेज किती देते?" मी सांगते, "गावात सात, हायवेला साडेबारा." सात त्याला पटतं. साडेबारा ऐकलं की तो गाडीच्या लांबलचक बॉनेटकडे बघतो आणि गप्प बसतो. त्याला ते खरं वाटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. मलाही सुरुवातीला खरं वाटलं नव्हतं.

गाडी माझ्या मामांची. १९९६ची जर्मन सेडान, पेट्रोल, ऑटोमॅटिक, २.२ लिटरचं इंजिन, ताकद १५० हॉर्सपॉवर. द्राक्षाच्या एका चांगल्या हंगामानंतर मामांनी ती हौसेनं घेतली आणि पंचवीस वर्षं जिवापाड सांभाळली. मग गुडघे साथ देईनात, तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवली. घरात सगळे म्हणाले, पांढरा हत्ती आहे, पोसवणार नाही. मी अंबडला एका कारखान्यात मोजमापाचं काम करते. न मोजता कशावरही मत देणं मला जमत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून वही घातली. तारीख, किलोमीटर, लिटर, कुठला रस्ता, सोबत किती माणसं, एसी चालू की बंद.

सहा वर्षांत त्या वहीनं मला जे शिकवलं ते इथे मांडते आहे. गाडी तीच, चालवणारी तीच, पेट्रोल तेच, तरी गावात सात आणि हायवेला साडेबारा. जवळजवळ दुप्पट. यामागचं कारण कळलं की जुन्या मोठ्या गाड्यांबद्दलचे बरेच गैरसमज गळून पडतात.

सतरा घोडे

सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या एकसारख्या वेगानं ही गाडी पळते, तेव्हा इंजिनाच्या दीडशे घोड्यांपैकी किती जुंपलेले असतात? हा प्रश्न मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारला. कुणी साठ म्हणालं, कुणी ऐंशी. खरं उत्तर सतराच्या आसपास आहे.

हिशेब अवघड नाही. एकसारख्या वेगानं जाणाऱ्या गाडीला सपाट रस्त्यावर दोनच गोष्टी मागे ओढतात. पहिली म्हणजे टायर. फिरताना टायर दबतो, पुन्हा फुगतो, त्यात थोडी ताकद जाते. गाडी, चार माणसं आणि डिकीतलं सामान मिळून १६५० किलो धरले, तर टायरची ही ओढ साधारण २० किलो भरते. म्हणजे २० किलोची गोणी उचलून धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच. गाडी ऐंशीनं जावो की एकशेवीसनं, या ओढीत फार फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा, आणि सगळी गंमत तिथे आहे. संक्रांतीला येवल्यात पतंग उडवलेला माणूस वाऱ्याचा हिशेब हातानं शिकलेला असतो. वारा थोडा वाढला की आसारी, म्हणजे मांजाची फिरकी, हातातून सुटायला बघते. कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. आमच्या गाडीसारख्या सेडानला ८० किलोमीटरच्या वेगाला वारा साधारण १७ किलोनं मागे रेटतो, १०० ला २६ किलोनं आणि १२० ला ३८ किलोनं. टायरचे २० मिळवले की ८० ला ३७, १०० ला ४६ आणि १२० ला ५८ किलो. याची हॉर्सपॉवर काढली की अनुक्रमे ११, १७ आणि २६ येते. उरलेले सव्वाशे-एकशेचाळीस घोडे ओव्हरटेकसाठी, घाटासाठी आणि मालकाच्या समाधानासाठी तबेल्यात उभे असतात.

गाडी लांब आहे, रुंद आहे, मग वारा एवढाच कसा? गाडीवर वाऱ्याचा मारा किती बसतो ते दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं. एक, समोरून गाडी किती जागा अडवते, आणि दुसरा, तिचा आकार हवेला किती सहज वाट देतो. या दुसऱ्या आकड्याला ड्रॅग कोएफिशंट म्हणतात. तो जितका कमी तितकं बरं. मोठ्या सेडानची लांबी इथे उपयोगी पडते. काच मागे झुकलेली असते, छत हळूहळू उतरतं, डिकी हवेला अलगद सोडून देते.

१९७३च्या तेलसंकटानंतर युरोपातल्या कंपन्यांनी या आकड्याच्या मागे लागून काम केलं. १९८२ची ऑडी १०० तिच्या ०.३० या आकड्यामुळे गाजली. १९८४च्या अखेरीस आलेली मर्सिडीजची डब्ल्यू १२४ ०.२९च्या आसपास होती, आणि १९९५च्या तिच्या पुढच्या पिढीनं ०.२७ गाठला. १९९०च्या दशकात पुण्यात मर्सिडीज जुळू लागल्या तेव्हा सुरुवात या डब्ल्यू १२४नंच झाली. आज रस्त्यावर दिसणाऱ्या उभ्या चेहऱ्याच्या, उंच एसयूव्हीचा तो गुणाकार या तीस वर्षांपूर्वीच्या सेडानच्या दीडपटीहूनही जास्त भरू शकतो. हायवेला तिला दरवाजे किती आणि सीटा किती याच्याशी वाऱ्याला देणंघेणं नसतं.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत १९७८च्या कायद्यानं जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर जादा कर बसवला. त्याची वेस पुढे २२.५ मैल प्रति गॅलनवर स्थिरावली, म्हणजे आपल्या हिशेबानं साधारण साडेनऊ किलोमीटर प्रति लिटर. १९८९ साली आलेल्या लेक्सस एलएस ४०० या गाडीत चार लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन होतं, तरी ती त्या करातून सुटली. आकार ०.२९चा, इंजिनातलं घर्षण काटेकोरपणे कमी केलेलं, आणि टॉप गिअर लांब.

मग उरलेलं पेट्रोल जातं कुठे

सतराच घोडे लागत असतील तर साडेबाराच का? वीस का नाही?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. ती सगळी चाकांपर्यंत पोचली असती तर आमची गाडी एका लिटरमध्ये ७० किलोमीटर गेली असती. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त ऊर्जा सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. पेट्रोल इंजिन त्याच्या सगळ्यात चांगल्या मनःस्थितीत असताना शंभर रुपयांतले तीस-पस्तीस रुपये कामाला लावतं. पण ती मनःस्थिती यायला इंजिनावर बऱ्यापैकी लोड हवा. हायवेला सतरा घोड्यांचं काम सांगितलं की दीडशे घोड्यांचं इंजिन अर्धवट झोपेत असतं, आणि शंभरातले वीसच रुपये चाकांपर्यंत पोचतात.

लग्नातल्या पातेल्यात दोन कप चहा ठेवून बघा. चहा दोनच कप होतो, पण आधी अख्खं पातेलं तापवावं लागतं. मोठ्या इंजिनाचं तसंच आहे. पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, ऑइल पंप हे सगळं हलवत ठेवायला ठरावीक ताकद लागते, गाडीला सतरा घोडे हवे असोत की सत्तर.

पेट्रोल इंजिनाचं आणखी एक दुखणं आहे. ताकद कमी करायची म्हणजे त्याची हवा कोंडायची. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असतो तेव्हा हवेच्या वाटेतली झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि प्रत्येक पिस्टन त्या फटीतून हवा ओढत बसतो. इंजेक्शनची रिकामी सिरिंज घ्या, पुढच्या टोकावर बोट दाबा आणि दट्ट्या मागे खेचा. बोटांना जी ओढ लागते, ती इंजिनाला मिनिटाला हजारो वेळा लागते. डिझेल इंजिनात हवा अशी कोंडत नाहीत, फक्त डिझेल कमी-जास्त फवारतात. कमी लोडवर डिझेल गाडी पुढे निघून जाते त्याचं हे मोठं कारण. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलची नोझल घडवत कितीतरी घरं उभी राहिली, आणि एका चौकाला तर मायको सर्कल हेच नाव पडलं.

या दुखण्यावरचा उपाय म्हणजे इंजिन सावकाश फिरवणं. तेवढीच ताकद कमी फेऱ्यांत काढली की प्रत्येक फेरीवरचा लोड वाढतो, झडप जास्त उघडते, घर्षण घटतं. नव्या गाड्यांत आठ-नऊ गिअर देतात ते यासाठीच. त्यांची इंजिनं शंभरच्या वेगाला १५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या, आसपास फिरतात. आमच्या गाडीत गिअर चारच, आणि चौथ्यात शंभरला काटा अडीच हजाराच्या वर. शिवाय त्या काळच्या काही ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त तेल असतं. एक पंखा तेल ढवळतो, त्या तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो, आणि दुसरा नेहमीच किंचित मागे राहतो. वेग धरला की दोन्ही पंखे एकमेकांना जखडणारा लॉक-अप क्लच हळूहळू सगळीकडे आला. मर्सिडीजनं १९९६ला आणलेल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये तो होता, त्याआधीच्या चार गिअरवालीत नव्हता. जुनी मोठी गाडी घ्यायचा विचार असेल तर इंजिन किती लिटरचं हे विचारण्याआधी मी गिअर किती आणि लॉक-अप आहे का हे विचारेन.

आता गावातल्या सातचा उलगडा होतो. गावात वाऱ्याचा काही संबंध नसतो, तिथे वजन खातं. १६५० किलोची गाडी पन्नासच्या वेगाला आणायची आणि सिग्नलला थांबवायची, म्हणजे जमवलेला सगळा वेग ब्रेकमध्ये उष्णता करून टाकायचा. अशा एका थांब्याला साधारण २५ मिलिलिटर पेट्रोल जातं. चाळीस थांबे म्हणजे एक लिटर गेलं. मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत संध्याकाळी सहा वाजता खालच्या रस्त्यानं एकदा जाऊन बघा, थांबे मोजताना बोटं पुरत नाहीत. उभ्या गाडीत इंजिन चालू असलं तर तासाला लिटरभर जातं ते वेगळंच.

कसारा

नाशिकहून मुंबईला जाताना तेरा-साडेतेरा आणि येताना अकरा-साडेअकरा. हा फरक माझ्या वहीत दर वेळी दिसायचा आणि बरेच दिवस मला कळत नव्हता. मग लक्षात आलं की आपण राहतो समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटरवर. मुंबईहून येताना ही सगळी उंची इंजिनाला चढावी लागते, आणि त्यातली बरीच कसारा ते इगतपुरी एवढ्याशा अंतरात. १६५० किलो ६०० मीटर वर नेण्याचं काम म्हणजे एक-सव्वा लिटर पेट्रोल. घाटात इंजिन मनापासून लोड घेतं, त्यामुळे तेवढ्यापुरतं ते चांगलंच काम करतं. घाट चढताना गाडी जास्त पिते हे खरं, पण केलेल्या कामाच्या मानानं ती तिथे काटकसरी असते.

उतरताना तेवढंच पेट्रोल परत मिळायला हवं, पण मिळत नाही. अवघड उतारावर ब्रेक लावावा लागतो आणि उंचीतून मिळालेली ऊर्जा तिथेच जळून जाते. खर्डी-आसनगावकडच्या लांब, हलक्या उतारांवर मात्र खरी कमाई होते.

इथे एक जीवघेणा गैरसमज आहे, त्यावर थोडं थांबते. पेट्रोल वाचवायला काहीजण घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. कृपा करून हे करू नका. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असताना कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये टाकलं की उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सुरू होतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर आला, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर सुटतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल असं पूर्ण बंद होत नाही, पण म्हणून तिथेही घाट न्यूट्रलमध्ये उतरायचा नाही. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर तीनवर किंवा दोनवर ओढा आणि इंजिनाला गाडी धरू द्या.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी बदलतो. जून ते ऑगस्ट वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मुंबईला जाताना थेट तोंडावर. वारा ३० किलोमीटरचा आणि गाडी ८० ची, तर गाडीला तो ११० चा वारा वाटतो, आणि त्याचा जोर जवळजवळ दुप्पट. वाडीवऱ्हे ते घोटी या उघड्या पट्ट्यात मी हे कितीदा तरी अनुभवलं आहे. उतार असूनही जुलैत मुंबईकडे जाताना साडेबारा मिळतं आणि परत येताना वारा पाठीशी असतो म्हणून तेवढंच. त्यामुळे एका बाजूच्या प्रवासावरून गाडीला चांगलं-वाईट ठरवू नये. जाऊन-येऊन एकत्र मोजावं.

चोर कुठे बसलेला असतो

आत्तापर्यंतचं सगळं धडधाकट गाडीबद्दल होतं. तीस वर्षांची गाडी सहसा तशी नसते. माझ्याकडे ती आली तेव्हा हायवेला साडेनऊ देत होती. साडेनऊचे साडेबारा व्हायला दीड वर्ष लागलं, आणि त्यात मोठा खर्च एकही नव्हता.

पहिला चोर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप. गावात तापमानाचा काटा ठीक असायचा, हायवेला लागलं की ८० च्या खाली येऊन बसायचा. मला वाटायचं, छान, इंजिन थंड आहे. ते छान नव्हतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता, त्यामुळे वारा लागला की इंजिन गरजेपेक्षा थंड पडत होतं. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो आणि घट्ट ऑइलचं घर्षणही वाढतं. पार्ट काही शे रुपयांचा. बदलल्यावर पुढच्या तीन टाक्यांत सरासरी एक किलोमीटरनं वाढली.

दुसरा चोर ब्रेक. मागच्या डाव्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, गंजून चिकटला होता. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहायचं. गॅरेजवाल्यानं दोनदा गाडी बघितली, त्याला काही सापडलं नाही, कारण तो उभ्या गाडीत बघत होता. सापडलं ते असं: दिंडोरी रोडला वीस किलोमीटर शांतपणे चालवून, शेवटी ब्रेक न लावता गाडी हळूहळू थांबू दिली आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. तिघं कोमट, चौथं इतकं गरम की हात नेववेना. डिस्कला हात लावायचा नाही, रिमपासून थोड्या अंतरावरूनच कळतं. ही तपासणी फुकट आहे आणि मी ती अजूनही दर दोन महिन्यांनी करते.

तिसरी गोष्ट ऑक्सिजन सेन्सर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सांगतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. तो म्हातारा झाला की सुस्तावतो, आणि पेट्रोल जास्त जाऊ लागतं. पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हा असेलच असं नाही. १९९५च्या एप्रिलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्याची, सक्ती आधी चार महानगरांपुरतीच आली, आणि कन्व्हर्टर आणि सेन्सर दोन्ही खराब करणारं शिशाचं पेट्रोल देशभरातून २००० साली बंद झालं. त्यामुळे त्या मधल्या काळातल्या गाड्यांत काहींत सेन्सर आहे, काहींत नाही. आधी आपल्या गाडीत आहे का ते पाहा, मग बदलायचं बघा.

एअर फिल्टरबद्दल मात्र आपल्याकडे उगाच बाऊ होतो. कार्बोरेटरच्या गाडीत घाण फिल्टरनं ॲव्हरेज पडायचं हे खरं. इंजेक्शनच्या, सेन्सर असलेल्या गाडीत हवा कमी आली की पेट्रोलही कमी होतं. पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं हलत नाही. फिल्टर बदला, इंजिनाच्या भल्यासाठी बदला, पण त्यानं दोन किलोमीटर वाढतील अशी आशा धरू नका. टायरच्या हवेचंही तसंच. दहा पीएसआय कमी असली तर दोन-तीन टक्के जातात. हवा बघायची ती मुख्यतः टायर तापून फुटू नये म्हणून. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी नव्यासारखी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांवरच्या टायरवर मी समृद्धीला जात नाही.

आणि आता इथेनॉल. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा, पेट्रोलमध्ये ३२. मिश्रणाचा हिशेब केला तर लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. ज्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहे ती गाडी हे ओळखते, थोडं जास्त इंधन देते, आणि ॲव्हरेज तेवढ्याच प्रमाणात उतरतं. माझ्या वहीतही तेच दिसतं. ज्या गाडीत सेन्सर नाही, किंवा कार्बोरेटर आहे, तिला काहीच कळत नाही. ती पहिल्याइतकंच इंधन देत राहते, मिश्रण पातळ होतं, गाडी झटके खाते, इंजिन जास्त तापतं. तिथे प्रश्न ॲव्हरेजचा उरत नाही, ट्यूनिंग करून घ्यावं लागतं. जुने रबरी पाइप आणि सीलही इथेनॉलला धरून बनवलेले नसतात. मी पेट्रोलचे सगळे होज बदलून घेतले. पेट्रोलचा वास येत असेल तर ते काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

मोजायचं कसं

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान दोन-तीनशे किलोमीटर चालवा, शक्यतो त्याच पंपावर पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. ऑटो कट झाल्यावर रक्कम गोल करायला म्हणून आणखी थोडं टाकू देऊ नका, तिथेच हिशेब बिघडतो. एका टाकीवर विश्वास नको, तीन टाक्यांची सरासरी घ्या. टायर मूळ मापाचे नसतील तर तेही बघा. १९५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ बसवले की चाक दोन टक्क्यांनी मोठं होतं आणि मीटर दोन टक्के कमी किलोमीटर दाखवतो. आपण म्हणतो ॲव्हरेज पडलं, आणि ते पडलेलंच नसतं.

कंपनीच्या आकड्याशी तुलना करताना एक ध्यानात असू द्या. आपल्याकडे गाड्यांची चाचणी ज्या ठरलेल्या चालीनं प्रयोगशाळेतल्या रोलरवर होते, तिचा सर्वाधिक वेग ९० किलोमीटर आहे, आणि तोही थोडाच वेळ. समृद्धीवर कारला १२० ची परवानगी आहे. त्या वेगाला कंपनीचा आकडा कुठल्याच गाडीला मिळणार नाही, नव्या गाडीलाही नाही.

समृद्धीचाच हिशेब शेवटी सांगते. गेल्या हिवाळ्यात मामेभावाच्या लग्नाला नागपूरला गेलो. सिन्नरजवळ टाकी भरून वर चढलो आणि जाताना सरासरी ११० नं गेलो, बऱ्याच वेळा काटा १२० वर. नागपूरला उतरल्यावर पुन्हा भरलं: ५७० किलोमीटर, १०.८. येताना मामा शेजारी बसले होते, आणि त्यांना शंभरच्या वर गाडी आवडत नाही. क्रूझ कंट्रोल नाही, त्यामुळे पाय स्थिर ठेवून ९५ ते १०० मध्ये आणली. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आणि सिन्नर त्याच्या दुपटीहून उंच, म्हणजे येताना एकूण चढच होता. वारा दोन्ही दिवशी पडलेला, सामान तेवढंच, माणसं तेवढीच.

बिनचढाचा हिशेब केला तर १०० आणि १२० मध्ये जोराचा फरक २५ टक्के. पेट्रोलचा फरक तेवढा नसतो, कारण जास्त लोडवर इंजिन जरा बरं काम करतं. १५ ते २० टक्क्यांवर भागतं. सिन्नरला टाकी भरून मी मामांच्या मांडीवर वही ठेवली, त्यांनी चष्मा लावून भागाकार केला. १२.६. वेळ पाऊण तास जास्त लागला होता, पेट्रोल साडेसात लिटर कमी.